दे त्याला

आमच्या कोचनं माझ्यासमोर पहिल्यांदा हात उचलला तो स्वतःच्याच गोलकीपरवर. ट्रेनिंगला वीस मिनिटं उशीर झाला, एवढाच त्याचा गुन्हा. सणसणीत एक ठेवून दिली आणि मग स्वतःच बर्फाची पिशवी आणून त्याच्या गालाला धरून बसला. मी गाडीजवळ उभा होतो. मनात म्हटलं, हा माणूस इथे सहा महिने काढत नाही.

मी त्याचा ड्रायव्हर. मस्कतला येऊन मला तेव्हा बारा वर्षं झाली होती. आधी गाला नावाच्या भागात एका गॅरेजात होतो. तिथे फोरमनची कॉलर धरली म्हणून हाकलला गेलो आणि या लहानशा फुटबॉल क्लबात लागलो. माझं डोकं भडक, हे रत्नागिरीकडे आमच्या गावात कुणालाही विचारा. रोज सकाळी दार्सैतच्या खोलीवरून निघायचं, कोचला मदिनत सुलतान काबूस भागातल्या घरून उचलायचं आणि मैदानावर सोडायचं. तो रोमानियाचा. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं झकास जमायचं. खेळाडूंना मात्र त्याचं काही म्हणता काही कळायचं नाही. माझी अरबी गॅरेजात शिकलेली, शिव्यांसकट पक्की. तेव्हा तो माझ्याकडे बघून ओरडायचा, मी मैदानाकडे बघून ओरडायचो. मॅचला बेंचवर त्याच्या शेजारी माझी जागा ठरलेली होती.

गाडीत तो आपली कहाणी सांगायचा, म्हणजे मारामाऱ्याच. कोळशाच्या खाणींच्या गावात वाढला. बचावाला खेळायचा. एकोणिसाव्या वर्षी एकाची नडगी मोडली, तर गावानं त्याला खांद्यावर घेतलं. पुढे आणखी दोघांचे पाय मोडले. मग कुणीतरी त्याचा गुडघा फोडला आणि खेळ संपला. कोच झाला, तर एका अध्यक्षावर खुर्ची फेकली. दुसऱ्या क्लबात पत्रकाराचं नाक फोडलं. देश बदलत बदलत आखातात आला. एकदा सिग्नलला थांबलो असताना म्हणाला, "इथून काढलं, तर मला परत कुणी फोन करणार नाही." गंमत करत नव्हता. पन्नाशी उलटलेला माणूस, दुसरं काही येत नव्हतं त्याला.

त्याच्या भाषेतला एकच शब्द मला आपला वाटायचा. पास दे असं सांगायचं असलं की तो 'दई, दई' ओरडायचा. म्हणजे 'त्याला दे'. आणि गंमत बघा, कुणाला ठोकायचं असलं तरी हाच शब्द. मी म्हटलं, अरे बाबा, आमच्याकडेही तेच! 'दे त्याला' म्हटलं की समोरच्याच्या हातात लाडू आहे की काठी, ते बघून अर्थ लावायचा. तो इतका हसला की मलाही आवरेना, गाडी बाजूला घ्यावी लागली.

त्या मोसमातल्या एका मॅचला समोरच्या टीमचा एक विंगर आमच्या कॅप्टनच्या मागे लागला होता. कोपर मारलं, भुवई फुटली, रक्त डोळ्यात गेलं. रेफ्री बघायला तयार नाही. वर तो विंगर आमच्या बेंचसमोरून जाताना थुंकला. माझ्या बुटावर पडली ती थुंकी. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पाच मिनिटांत आमच्या डाव्या बॅकच्या पायात चेंडू आला, कॅप्टन मोकळा होता आणि तो विंगर बॅकवर धावून येत होता. कोच ओरडला, "दई! दई!"

मी अरबीत ओरडलो, "इद्रुबा!" मार त्याला.

चूक झाली असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला समजावत होतो. भाषेचा घोटाळा, कुणाचाही होईल. पण खरं सांगू? कॅप्टन मोकळा आहे हे मला दिसत होतं. मला ते बघायचं नव्हतं.

बॅकनं चेंडू सोडला आणि दोन्ही पायांनी उडी घेतली. हाड मोडल्याचा आवाज बेंचपर्यंत आला. विंगर ओरडलाही नाही आधी, नुसता आपल्या पायाकडे बघत राहिला, कारण गुडघ्याखाली पाय भलतीकडेच वळला होता. मग दोन्ही टीम भिडल्या. बाटल्या, लाथा, कुणाच्या तोंडात कुणाचा बूट. कोच मात्र त्या पोराशेजारी गुडघ्यावर बसून त्याचं डोकं मांडीवर घेऊन होता. "का?" एवढंच तो आमच्या बॅकला विचारत होता.

तिसऱ्या दिवशी क्लबाच्या ऑफिसात चौकशी झाली. बॅकनं सांगितलं, बेंचवरून हुकूम आला. माझा आवाज म्हणजे कोचचा शब्द, यात कुणालाच शंका नव्हती. कोच म्हणाला, मी पास दे म्हटलं होतं, याला विचारा, हा शेजारीच होता. आणि निवांत मागे टेकून बसला. माझ्यावर पूर्ण भरवसा होता त्याचा.

अर्बाबनं, म्हणजे क्लबाच्या मालकानं, माझ्याकडे बघितलं. माझा व्हिसा त्याच्या हातात होता.

"आरडाओरडा फार होता, अर्बाब," मी म्हणालो. "मला नीट ऐकू आलं नाही."

मग काय, गोलकीपरची थप्पड निघाली, खुर्ची निघाली, मोडलेले जुने पाय निघाले. असा माणूस दुसरं काय सांगणार, असं म्हणून त्याला काढून टाकलं, खलास. कोच उठला, त्यानं दाराला लाथ घातली आणि काच खाली आली. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही.

त्याला एअरपोर्टला सोडायचं कामही माझ्याकडेच आलं. भर दुपार होती. वाटेत तो गुडघा चोळत बसला होता. बॅगा उतरवल्या आणि मला राहवेना. म्हटलं, कोच, तुम्ही दे म्हणालात ते मी स्वच्छ ऐकलं होतं. मार म्हणून मीच सांगितलं. मला राग आला होता.

तो जवळ आला. उजव्या कानाखाली अशी काढली की मी गाडीच्या बॉनेटवर आडवा झालो. ओठ फुटला. बॅगांच्या रांगेतली माणसं थबकली. त्यानं मला शर्टाला धरून उभं केलं, कॉलर नीट केली आणि अगदी हळू विचारलं, "आता ऐकू येतं?"

मी मान हलवली. त्या कानात नुसती शिट्टी वाजत होती.