पत्रातली शेवटची ओळ

तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये रसायनं माणसाच्या कातडीला त्रास देतात का, हे तपासायचं काम माझ्याकडे होतं. ते सशांवर व्हायचं. पाठीवरचे केस काढायचे, रसायनाची पट्टी बांधायची, चार तासांनी सोडून लाली आलीय का बघायचं. मग मंजुरी देणाऱ्या कार्यालयाने नवी पद्धतही चालेल असं कळवलं: माणसाच्या पेशींपासून लॅबमध्ये वाढवलेली कातडी. मी हट्टाने तीच धरली. फरशी पुसायच्या एका द्रवाचा अहवाल सशाला हात न लावता तयार झाला, त्या दिवशी मी पेढे वाटले.

पण पाठवायची वेळ आली तसा धीर सुटला.

"फाइल परत आली तर पार्टी दुसऱ्या लॅबकडे जाईल," लॅबचे प्रमुख सर म्हणाले. "जरा सेफ लिही."

सरकारी पत्रात आम्ही सगळेच सेफ लिहितो. मी अहवालासोबतच्या पत्राच्या शेवटी एक ओळ घातली: आवश्यकता भासल्यास प्राण्यांवरील चाचणीही करून देऊ.

पुढचा महिनाभर जीव टांगणीला. वरच्या मजल्यावर तीन ससे होते. रोज सकाळी मी उगाच त्यांचं पाणी तपासायला जायचे. रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला की ते दचकायचे आणि मी म्हणायचे, "काही नाही होत रे." आपण थाप मारतोय की काय, ही धास्ती मला होतीच.

उत्तर एका वाक्याचं आलं. प्राण्यांवरील चाचणीचा अहवाल सादर करावा.

कार्यालयच मागतंय म्हटल्यावर प्राण्यांवरच्या चाचण्यांना परवानगी देणाऱ्या समितीनेही सही केली. पट्ट्या मीच बांधल्या. दुसऱ्या कुणावर ढकलायची लाज वाटली. लाली आली नाही. लॅबमधल्या कातडीने आधीच तेच सांगितलं होतं. चाचणी झालेले ससे आमच्याकडे जिवंत ठेवत नाहीत. तेही मीच कागदावर नोंदवलं.

मंजुरी आली, पण मला राहवेना. कार्यालयातल्या अधिकाऱ्यांना फोन लावून विचारलं, नवी पद्धत कुठे कमी पडली?

"कमी कुठे? अहवाल चांगलाच होता," ते म्हणाले. "पण मॅडम, तुमीच लिहून दिलं होतं ना, करून देऊ म्हणून? तुमालाच खात्री नाय, तर आमी कशी सही करणार?"

"ती ओळ नसती तर?"

"तर तशीच पास केली असती."

मी "थँक यू सर" म्हटलं. फोन ठेवला.