दुकानात गातो, घरी मुका

“माझा चांगला व्हॉल काढून ह्यानं खिशात घातला! तोंडावर सांगतो, चोर हाय ह्यो!”

सोपानराव हे बोलले तेव्हा माझ्या हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न होतं. बाजाराचा दिवस, शेवगावची भर पेठ, आणि हा माणूस माझ्याच दुकानाच्या पायरीवर उभा राहून मला चोर म्हणत होता. आयर्न मी खाली ठेवलं. ठेवलं म्हणून बरं झालं.

मी चौथी शिकलो. पुढं शाळेनं मला सोडलं का मी शाळेला, तो वाद नको. पण रेडिओचं काम मी पोटतिडकीनं शिकलो होतो आणि दुकान स्वतःच्या हिमतीवर टाकलं होतं. आमच्या धंद्यात एकच आळ माणसाला बुडवतो, तो म्हणजे व्हॉल बदलल्याचा. व्हॉल म्हणजे त्या वेळच्या घरगुती रेडिओतले काचेचे छोटे दिवे. सगळा आवाज त्यांच्या जिवावर. मिस्त्री नवा व्हॉल काढतो, जुना बसवतो, असं गावोगाव बोललं जायचं. त्यामुळं सेटचं मागचं पुठ्ठ्याचं झाकण उघडलं, की गिऱ्हाईक समोर ठाण मांडून बसायचं. पापणी लवायची नाही. काहीजण व्हॉलवर खिळ्यानं खुणा करून आणायचे. सोपानरावांच्या मंडळींनी, गयाबाईंनी, तर प्रत्येक व्हॉलच्या बुडाला कुंकवाचं बोट लावलं होतं.

सोपानरावांचा सेट बॅटरीवरचा. त्यांचं गाव शेवगावच्या पूर्वेला, तिथं वीज यायची होती. दोन वर्षांपूर्वी मीच तो सेट त्यांच्या घरी बसवला होता आणि तो ठणठणीत चालत होता. मग बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, माणसं खडी फोडायला गेली, आणि सोपानरावांच्या रेडिओचा आवाज बसला. त्यांनी सेट आणला. दुकानात लावला तर घंटेसारखा वाजला. मी साफसूफ करून परत दिला. घरी नेला तर नुसती खरखर. पुन्हा आणला, पुन्हा दुकानात गायला. घरी गेला की मुका. आणि दर खेपेला पहिल्यापेक्षा जास्त मुका.

त्यात त्यांचे जावई राहुरीला शेतीच्या कॉलेजात नोकरीला. ते रेडिओच्या पुणे केंद्रावरून वैरणीवर बोलणार होते. सोपानरावांनी सगळी आळी अंगणात बसवली. गूळ-शेंगदाणे वाटले. आणि ऐन वेळी रेडिओतून नुसता पापड तळल्यासारखा आवाज! माणसं हसत घरी गेली. माणूस चिडणार, हे मला कळतं. पण चिडला म्हणून मला चोर?

“व्हॉल मोजा,” मी म्हटलं. झाकण काढून सेट पायरीवरच ठेवला. “कुंकू हाय का न्हाई सगळ्यांवर? लोकहो, बघा.”

कुंकू होतं. सगळ्यांवर होतं.

“कुंकू काय बाजारात मिळत न्हाई व्हय?” सोपानराव म्हणाले. “तू लावलं असंल.”

मी सेटच्या आत हात न घालता त्याला माझी बॅटरी जोडली, माझी एरियल आणि अर्थची वायर लावली, बटण फिरवलं. सेट असा वाजला, की शेजारचे रशीदभाई टेलर मशीन थांबवून उठून आले.

“बघा!” मी ओरडलो.

“बघितलं ना,” सोपानराव म्हणाले. “आता घातलास चोरलेला परत.”

“अहो, अजून हातबी लावला न्हाई मी!”

“हातचलाखी म्हंजी हीच,” गर्दीतून कुणीतरी बोललं, आणि लोक हसले. माझ्यावर हसले. दोन गिऱ्हाइकं दुरुस्तीला दिलेले आपले सेट तिथल्या तिथं उचलून घेऊन गेली. एक तर उघडा सेट तसाच काखेत मारून गेला. त्या दिवशी मला कळलं, हे मिटलं नाही तर दुकानाला कुलूप लागणार.

दुसऱ्या दिवशी मी सायकल काढली. मागं सोपानरावांचा सेट, पुढं माझा स्वतःचा सेट, खांद्याला नवी बॅटरी.

“नका जाऊ,” रशीदभाई म्हणाले. “तिथं एकटे सापडलात तर मार खाल.”

“खाईन. पण व्हॉल कुणी खाल्ला ते बघूनच येईन.”

सोपानराव ओट्यावर बसले होते. बसा म्हणाले नाहीत. मी पण वाट बघितली नाही. आधी त्यांचा सेट लावला. खरखर. मग माझा सेट त्याच जागी लावला. माझा, रोज दुकानात वाजणारा सेट. तोसुद्धा मुका!

“आता बोला,” मी म्हटलं. “माझा व्हॉल कुणी चोरला? तुमी?”

“तुझाबी सेट बिघडलेलाच असंल,” सोपानराव म्हणाले. “कसला मिस्त्री तू!”

मी दात आवळून कामाला लागलो. दोन्ही सेट मुके, म्हणजे दोष सेटात नाही, सेटाबाहेर आहे. बाहेर तीनच गोष्टी असतात. बॅटरी मी नवी आणली होती. छपराखालची जाळीची एरियल काढली, घासली, पुन्हा बांधली. फरक नाही. राहिली अर्थची वायर. हिचं काम साधं. सेटापासून निघून जमिनीत जायचं. हवेतून आलेला आवाज एरियलनं पकडला तरी त्याला जमिनीत उतरायला वाट लागते. ती वाट ओलसर पाहिजे. म्हणून मीच ती वायर एका तांब्याच्या पत्र्याला जोडून अंगणातल्या तुळशी वृंदावनात पुरली होती. आमच्याकडं बरेच मिस्त्री तसंच करायचे. तुळशीला रोज पाणी पडतंच. दुसरी खात्रीची ओली जागा घरात कुठली?

मी वायर ओढून बघितली. घट्ट होती. बोटानं माती चाचपली. ओली होती. म्हणजे अर्थ ठीक. मग राहिलं काय? मला काही सुचेना. हे मी कुणाला सांगितलं नसतं, पण मला काही सुचेना.

तेवढ्यात गयाबाई तांब्याभर पाणी घेऊन आल्या. ऊन मी म्हणत होतं. घसा कोरडा पडला होता.

“घ्या भाऊ. उन्हातनं आलात.”

“नको वैनी,” मी म्हटलं. “ज्या घरात मला चोर म्हणत्यात, तिथलं पाणी मला चालायचं न्हाई.”

“मी म्हणलं का तुमाला चोर?”

“तुमच्या मालकांनी म्हणलं. भर बाजारात.”

“मग त्यांच्या हातचं पिऊ नका. माझ्या हातचं घ्या.”

“न्हाई म्हंजी न्हाई.”

गयाबाईंचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. त्या वेळी गावात टँकर आठवड्यातून कधीतरी यायचा. एकेका हंड्यासाठी भांडणं व्हायची. त्या घरातल्या तांब्याभर पाण्याला मी नाही म्हणत होतो. तशा त्या नवऱ्याकडं वळल्या.

“बघा, तुमच्या तोंडापायी पाव्हणा दारातनं तहानलेला चाललाय.”

“वत जा माठात परत,” सोपानराव म्हणाले.

“पाव्हण्याम्होरं केलेलं पाणी माठात वतत्यात व्हय? कुणाच्या घरची रीत ही?”

आणि रागानं त्यांनी तो अख्खा तांब्या तुळशीत उपडा केला. माती कशी घटाघटा प्यायली ते मी बघत होतो. मला त्या पाण्याचं वाईट वाटलं. हत्यारांची पिशवी आवरायला बसलो. सेट बंद करायचा राहिला होता, तो आपला खरखरत होता.

पिशवीचे बंद बांधतोय तोवर खरखर पातळ झाली. मग आतून कुणी बाई बोलल्यासारखं वाटलं. मग बाजारभाव स्पष्ट ऐकू यायला लागले. गूळ, शेंग, हरभरा.

कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, “अगं बया! तुळशीमाय पावली गं!”

“तुळशीमाय न्हाई, अर्थ!” मी ओरडलो. उठून वायर सेटापासून सोडली. खरखर. जोडली. बाजारभाव. सोडली, खरखर. सोपानरावांच्या नाकासमोर मी हे करत राहिलो. मग तुळशीत खुरपं घातलं. वर बोटभर माती ओली, खाली राखेसारखी कोरडी. पत्रा त्या राखेत पडलेला.

“वैनी, तुळशीला किती पाणी घालता?”

“पळीभर,” गयाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. “आदी तांब्या घालत हुते. आता पळीभरच. रीत मोडू नये म्हणून.”

म्हणजे वरून रीत चालू, खाली दुष्काळ. दर आठवड्याला माती आणखी सुकत गेली, तसा रेडिओ आणखी मुका होत गेला. माझ्या दुकानातला पत्रा पाण्याच्या रांजणाखाली, म्हणून तिथं गाणं. ह्यात मी चोरलं काय?

मी पत्रा उकरून काढला आणि मोरीच्या तोंडाशी पुरला. दुष्काळ असला तरी हातपाय धुतलेलं पाणी तिथंच पडणार.

“मोरीत?” सोपानराव म्हणाले. “जावायाचं बोलणं मोरीतनं यायचं?”

“तुमी तुमच्या जावायाला तहानलेलं ठिवलंत, मी त्याला पाणी दिलं,” मी म्हटलं. “आता माझं काम. बाजारात जे बोललात ते बाजारातच मागं घ्यायचं.”

“झालं ते झालं. एवढं काय मनाव घेता?”

“पेठेत बोललात, पेठेतच फेडायचं.”

“तसं आमच्यात कुणी करत न्हाई,” असं म्हणून ते आत निघून गेले. गयाबाईंनी पुन्हा तांब्या आणला. मी प्यायलो. त्यांच्या हातचं होतं, प्यायलो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सोपानराव आले. डोक्यावर गोधडीत गुंडाळलेला सेट, मेव्हण्याचा. पेठ भरलेली होती. माझ्या दुकानात मात्र मी एकटाच. त्यांनी सेट बाकावर ठेवला आणि मागच्या वेळी ओरडले होते तेवढ्याच आवाजात म्हणाले, “मिस्त्री, उघडा ह्याला! मी तवर चहा पिऊन येतो!”

रशीदभाईंचं मशीन थांबलं. रस्त्यावरची माणसं बघायला लागली. उघडा सेट मिस्त्रीजवळ टाकून चहाला जाणारं गिऱ्हाईक आमच्या पेठेत तोवर कुणी पाहिलं नव्हतं. एवढंच त्यांना करता येत होतं, आणि ते त्यांनी केलं.

“बसा,” मी म्हटलं.

“आता काय राहिलं?”

“सेट उघडताना मालक म्होरं पाहिजे. माझा नेम हाय. चहा हितंच मागवतो.”

सोपानराव बाकावर बसले, पण तोंड रस्त्याकडं करून. मी सगळे व्हॉल काढले, पुसले, परत बसवले. त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. तिसऱ्या बाजाराला उघडा सेट काखेत मारून गेलेला माणूस आला आणि निमूट रांगेत बसला.

सेट दुकानात गात असेल आणि घरी मुका होत असेल, तर सेट सोडा, घर तपासा. माती तपासायची तर वरून बोट लावून भागत नाही, खुरपं घालावं लागतं. मला हे तेव्हा कळलं. व्हॉलला मात्र मी हात लावला नव्हता. तेव्हाही सांगत होतो, आजही सांगतो.