झाडू मारण्याआधीची हाक

हल्ली मी झाडत नाही. स्वच्छतेचाच कंटाळा आलाय.

आमच्या नगरच्या ऑफिसात आम्ही सहा जण एकाच खोलीत बसून पाण्याच्या टँकरच्या वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर लिहितो. प्रत्येकाने केलेला बदल सामायिक सर्व्हरवर नाव-तारखेसकट ओळीने जमा होतो. माझ्या नोंदी म्हणजे नुसती शोभा: ‘दुरुस्त केलं’, ‘परत दुरुस्त केलं’, ‘आता तरी चाल बाबा’. मला ते बघवायचं नाही. मग मी माझ्या संगणकावर तो सगळा इतिहास नव्याने, नीटनेटका लिहायचो आणि जबरदस्तीने वर चढवायचो. सर्व्हर मुकाट्याने स्वतःजवळची प्रत टाकून देऊन माझी ठेवायचा.

याला आम्ही झाडू मारणं म्हणायचो. नियम एकच. आधी खोलीत ओरडायचं, ‘झाडू मारतोय!’ ज्याचं नवीन काम वर असेल त्याने थांबवायचं; सगळे ‘मार!’ म्हणाले की मारायचा. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मग सातवी आली. अकोले तालुक्यात, डोंगरातल्या गावात राहून घरूनच काम करणारी. सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. काम दिसलं तरच कायम. तिच्याकडे रेंज यायची सकाळी तासभर. एका शुक्रवारी तिने तीन आठवड्यांचं काम एकदम चढवलं आणि कुरकुरणारा लॅपटॉप फॉरमॅट करायला दिला. सर्व्हरवर आहे म्हणून निर्धास्त.

सोमवारी मी वर नवीन काय आलंय ते न बघताच हाक दिली. पाचही जण ‘मार’ म्हणाले. मारला.

मंगळवारी तिचा फोन. ‘सर, माझं कायच दिसत न्हाई. मी चढवलं हुतं ना?’

आम्ही सगळ्यांचे संगणक धुंडाळले, पण तिचं काम कुणीच उतरवून घेतलं नव्हतं. ‘माझ्या हातून गेलं,’ मी म्हणालो. फार शरम वाटली.

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘परत लिहिते.’

सहा महिने भरले तेव्हा साहेबांनी नोंदी उघडल्या. तिच्या नावापुढे तीन आठवडे कोरे. मी सगळं सांगितलं, चूक माझी आहे म्हणालो. त्यांनी स्क्रीन वरपासून खालपर्यंत पाहिली.

‘इथे तर तसं काहीच नाही,’ ते म्हणाले. ‘तिला सांभाळून घेताय, कळतंय मला.’

मी इतकं स्वच्छ झाडलं होतं की माझी चूकसुद्धा मागे उरली नव्हती. तिला आणखी सहा महिने तात्पुरतंच ठेवायचं ठरलं. तसं तिला कळवायला त्यांनी मलाच सांगितलं.