नावापुढचा पत्ता

"आठ दिवस एका नावासाठी? मशीन चल रही है ना, बस!" यज्ञेश बहिणीवर खेकसला. त्याला वरची खोली यात्रेकरूंना द्यायची होती आणि कस्तुरीचं टेबल तिथून हलत नव्हतं.

"चालतंय रे दादा, पण तिच्या भागांची माहिती देणाऱ्या फाइलमधलं वर्णन चुकलं होतं," कस्तुरी म्हणाली. "नेटवर्कच्या भागाचं नाव 'इथरनेट' हवं, कुणीतरी 'लॅन' लिहिलं होतं. नावापुढे त्या भागाचा पत्ता एक, आतल्या ओळीत दुसराच. ही फाइल वाचूनच मशीनला आपले भाग कळतात. फाइल सगळ्यांसाठी खुली आहे, उद्या दुसऱ्या कोणी हीच चूक उतरवून घेतली असती."

"कोण बघायला बसलंय?"

"ही फाइल सांभाळणाऱ्या परदेशातल्या जाणकारांनी बघितलं. आज दुरुस्ती घेतली, माझ्या नावानिशी."

त्यांचे वडील नरहर गुरुजी पळी-पंचपात्र पुसत ऐकत होते. यजमानाचं गोत्र चुकलं, तर चाळीस वर्षं ते संकल्प पहिल्यापासून सांगत आले होते; मागची रांग कितीही कुरकुरो. पोरगी आपल्यावरच गेली, या विचाराने त्यांचा ऊर भरून आला.

"बाबा, आता तुम्हीच सांगा हिला," यज्ञेश म्हणाला.

"सांगतो. वरची खोली कस्तुरीची. यात्रेकरू माझ्या खोलीत उतरतील, मी ओसरीवर झोपेन."