दारात अडकलेला पोस्टमन

प्रेबेनने ओडेन्समध्ये चाळीस वर्षं दारोदार टपाल वाटलं आणि पार्किन्सन्सने त्याला नेमकं दारातच गाठलं. चौकट आली की पाय जमिनीला खिळायचे. मग बायकोने, बोडिलने, पुढ्यात काठी आडवी धरायची. ती ओलांडायच्या निमित्ताने पाऊल सुटायचं.

या आजारावरच्या संशोधनाला सरकारने पैसा द्यावा, हे सांगायला दोघं कोपनहेगनला खासदार हेलेबाईंकडे गेले. बाईंनी दहा मिनिटं दिली, त्यातली सहा कॉफीतच गेली. मग "बघू" म्हणत त्या पुढच्या बैठकीला उठल्या. गेल्या वर्षीही त्या "बघू"च म्हणाल्या होत्या. प्रेबेन त्यांच्याआधी निघाला आणि दारात थिजला. खोलीला दार एकच.

"माफ करा हं, तुम्हाला कोंडून ठेवलं," पाठमोराच तो म्हणाला. "तोवर बोलू या का?"

वीस मिनिटं बोलणं झालं. शेवटी समितीत प्रश्न मांडायची तारीख बाईंनी डायरीत लिहिली. तेव्हा कुठे बोडिलने काठी आडवी धरली आणि प्रेबेन टुणकन बाहेर पडला.

जिन्यात तो कुरकुरला, "काठी कुठे हरवली होतीस गं इतका वेळ?"

"हातातच होती की," बोडिल म्हणाली.