हॅलोरनांकडे पाठवलेलं जेवण

टेगन प्रॅटबद्दल आमच्या गावात, कुलिंबात, कोणालाही विचारलं तर एवढंच ऐकायला मिळतं, की त्या मुलीचा कधी कोणाला त्रास झाला नाही. आई पश्चिमेकडच्या खाणीत ट्रक चालवते, महिन्यातून एकदा घरी येते. टेगन राहते नॅनकडे, म्हणजे आईच्या आईकडे. शनिवारी सकाळी नेटबॉल खेळते आणि दुपारी ॲप्रन बांधून फुटबॉल क्लबच्या कँटीनमध्ये चिप्स तळते. हातावर तेल उडालं तर ओरडत नाही. हात नळाखाली धरते आणि पुढची जाळी तेलात सोडते.

"माझ्यावर गेलीय," नॅन म्हणते. "उगाच रडारड नाही."

नॅनचं नाव नोरीन. क्लबचं कँटीन तीच बघते, आमच्या सगळ्यांच्या आठवणीत तीच बघत आलेली आहे.

बारावीला टेगनने नाटक हा विषय घेतला, कारण वेळापत्रकात दुसरं काही बसत नव्हतं. शिकवायला मिस कॅरास होत्या, मेलबर्नहून आलेल्या. त्यांनी त्या वर्षी आमच्याच गावाचं नाटक बसवायला घेतलं. वीसेक वर्षांपूर्वी ज्युलियन पास्क नावाचा तरुण इथल्या बँकेत नोकरीला होता. क्लबने अंतिम सामना जिंकला त्या संध्याकाळी संघातल्या तिघांनी त्याला धान्याच्या कोठारामागे नेऊन मारलं. तो गे होता, एवढंच कारण. हॉस्पिटलात त्याचा जीव गेला. नंतर शहरातून नाटकवाली मंडळी आली, टेपरेकॉर्डर घेऊन घरोघर बसली आणि लोक जे बोलले त्याचंच त्यांनी नाटक केलं. बाहेर त्याचे खूप प्रयोग झाले. कुलिंबात एकही नाही.

मिस कॅरासनी त्या मंडळींकडून मूळ टेप मिळवल्या. त्यांची पद्धत अशी, की कोणी काही पाठ करायचं नाही. कानात इयरफोन घालायचा, टेपवरचा माणूस बोलेल ते त्याच्या किंचित मागून जसंच्या तसं बोलायचं. तो खोकला तर खोकायचं. तो थांबला तर तेवढंच थांबायचं. टेपवर नावं नव्हती. टेगनच्या वाट्याला आली 'कँटीनवाली बाई'.

तिने इयरफोन घातला. टेपवर कोणीतरी आधी कपात चमचा ढवळला, मग दातांवरून जीभ फिरवल्याचा बारीक आवाज आला आणि बाई म्हणाली, "हे बघा, मी जे बघितलं तेच सांगणार."

टेगनच्या तोंडून तेच बाहेर पडलं. वर्गातलं एक पोरगं हसलं, "अरे, ही तर हुबेहूब तिची नॅन!" मिस कॅरासही हसल्या. खरंच ती नॅन आहे हे टेगनने कोणाला सांगितलं नाही. ती बोलत राहिली. बाई सांगत होती, की त्या तिघा पोरांना पकडून नेलं, त्यातला एक हॅलोरनांचा, आणि हॅलोरनांच्या घरातली चूल बंद पडली, त्याची आई अंथरुणाला खिळली. मग कँटीनच्या बायकांनी पाळ्या लावल्या. कोणी मटण-बटाटे, कोणी ट्यूना-पास्ता. खटला संपेपर्यंत त्या घराला एक दिवस स्वयंपाक करावा लागला नाही. "आपल्या गावाची ही रीतच आहे," बाई म्हणाली. "माणूस कसाही असो, घर उपाशी राहत नाही."

मग टेपवर प्रश्न विचारणारी मुलगी हळूच म्हणाली, "आणि ज्युलियनची आई? तीही इथेच होती ना, मोटेलवर?"

त्यानंतर काहीच नव्हतं. टेपची खरखर, लांब कुठे तरी कुत्रा. बराच वेळ. टेगनला वाटलं टेप संपली. मग बाई म्हणाली, "चहा घेणार अजून?"

तालमीनंतर सगळ्यांनी गोल बसून काय वाटलं ते सांगायचं असे. तेही मार्कांत धरत. मुली रडल्या. एकीला श्वास लागला. टेगनची पाळी आली.

"काही नाही वाटलं, मिस."

"रागही नाही?"

"नाही. हात गार पडलेत फक्त."

घरी नॅन बटाटे सोलत होती. टेगनने सांगितलं, तशी ती सुरी हातात घेऊनच फोनकडे गेली. "डॉट, ऐकलंस का? मी नाटकात आहे! हो गं, मीच. आणि माझं काम आमची टेग करतेय. नाही, पैसे कसले देतायत डोंबलाचे!"

फोन ठेवून परत आली तेव्हा चेहरा उजळलेला होता. "चांगली पोरं होती ती टेपवाली. मी जॅमच्या वड्या भाजल्या होत्या, सगळ्या संपवल्या. काय काय ठेवलंय माझं?"

"हॅलोरनांच्या जेवणाचं."

"मग! लोकांना कळू दे. पेपरवाल्यांनी तर आम्हाला राक्षस करून टाकलं होतं."

"नॅन, त्याच्या आईला काय पाठवलं होतं?"

"कोणाच्या?"

"ज्युलियनच्या."

नॅनने बटाटा पाण्यात टाकला, दुसरा घेतला. "ती मोटेलवर होती. मोटेलच्या खोलीत ओव्हन असतो का? गरम कशात करणार होती ती? आणि भांडं परत कोणी आणून दिलं असतं? तिला काय माहीत कोणाचं ते."

आमच्याकडे प्रत्येकीच्या काचेच्या भांड्याखाली चिकटपट्टीवर नाव असतं. जेवण खाल्लं की भांडं धुऊन त्या नावाच्या घरी पोचवायचं. नॅन खोटं बोलत नव्हती. त्या वेळी खरोखर कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, की ज्या बाईला गावातली घरं माहीत नाहीत तिच्याकडेही भांडं पाठवता येतं.

"बरं," टेगन म्हणाली आणि टेबल मांडायला लागली.

प्रयोगाच्या आठवड्यात नॅननेच विषय काढला. कपड्यांच्या घड्या घालत, वर न बघता. "तो शेवटचा प्रश्न आहे ना त्या पोरीचा. तेवढा गाळता येत असेल बघ. तसंही मी तिथे काही बोललेच नाहीये. लोकांना कंटाळा येईल."

"मिसना विचारावं लागेल."

"विचार की. तुझ्या शब्दाला मान असेल तिथे."

टेगनने मिसना विचारलं नाही. आपल्याला विचारायचं नाहीये असंही तिने ठरवलं नव्हतं. रोज सकाळी विचारायचं राहून जात होतं आणि संध्याकाळी नॅन "विचारलंस का?" म्हणाली की "उद्या" म्हणून होत होतं. शुक्रवारी नॅनने विचारणं बंद केलं. कदाचित झालं असेल असं ती धरून चालली असावी.

रविवारी दुपारी शाळेचं सभागृह भरलं. हॅलोरनांपैकी कोणी नव्हतं. नॅन दुसऱ्या रांगेत, शेजारी कँटीनमधली डॉट, दोघींनी लिपस्टिक लावलेली. टेगन खुर्चीत बसली, हातात रिकामा कप. दातांवरून जीभ फिरवली तशी मागे कोणीतरी "अरे देवा, नोरीन!" म्हणालं आणि हशा उसळला. नॅन वळून सगळ्यांना हात करत होती. मटण-बटाटे आले, ट्यूना-पास्ता आला, लोक मान डोलावत होते. रीतच आहे आपल्या गावाची.

मग सभागृहातल्या स्पीकरवरून तो प्रश्न आला.

टेगन थांबली. कानात खरखर होती. ती समोर बघत राहिली. दुसऱ्या रांगेत नॅनचा हात अजून अर्धवट वर होता, तो तिने पर्सवर ठेवला. डॉटने चष्मा काढला. कोणी तरी खुर्ची सरकवली असावी, कारण लोकांच्या माना तिकडे वळल्या. मग त्या पुन्हा नॅनकडे वळल्या. नॅनचे ओठ हलत होते. ती काहीतरी बोलत होती, मोठ्याने, मान उंच करून, जशी कँटीनच्या खिडकीतून ऑर्डर पुकारते तशी. टेगनला कुत्रा ऐकू येत होता.

"चहा घेणार अजून?" तिने विचारलं आणि कप खाली ठेवला.

बाहेर गाडीत नॅन पुढे बसली, पट्टा लावला, किल्ली लावली नाही. लोक शेजारून जाताना काचेवर टकटक करत होते. "छान केलंस गं टेग!" नॅनला कोणी काही म्हणत नव्हतं.

"मी बोलले ते ऐकलंस?" नॅनने विचारलं.

"नाही. कानात टेप होती."

"म्हटलं, ओव्हन नव्हता तिच्याकडे. सगळ्यांना ऐकू गेलं. कोणी हो म्हणालं नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "डॉटसुद्धा. पाळ्या डॉटनेच लावल्या होत्या."

टेगनने पायातले मोजे वर ओढले. "सँडविच नेता आले असते, नॅन. चिकनचे. शनिवारी आपण ढिगाने करतो."

नॅन स्टिअरिंगकडे बघत होती. टेगनला वाटलं, ती आता रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

"हो," नॅन म्हणाली. "ते नेता आले असते."

दुसरा प्रयोग सोमवारी होता, शेजारच्या गावातल्या मुलांसाठी. त्यांना ती बाई कोण ते माहीत नव्हतं. कोणी हसलं नाही. ती शांतता आली तेव्हा एक मुलगा खिदळला, मग गप्प झाला. नंतर सगळे गोल बसले आणि मिस कॅरासनी विचारलं. टेगन म्हणाली, की काल घरी गेल्यावर नॅनने रात्रीचा स्वयंपाक केला नाही, म्हणून तिने स्वतः अंडी उकडली, दोघींनी खाल्ली.

"आणि तुला काय वाटलं?" मिसनी विचारलं.

"मीठ विसरले होते," टेगन म्हणाली. "ती काही बोलली नाही."