वैशूचा कोरा लॅपटॉप

उशिरा लिहितोय, माफ करा. माझी लेक वैशू गेली.

डेंग्यूचं निमित्त झालं. तेरावं झालं, तरी लिहायला हात धजत नव्हता.

तिच्या फोनवर तुम्हा मित्रमंडळींचे मेसेज अजून येतात. "नवीन व्हर्जन कधी?"
काय उत्तर देऊ?

केळीचं वजन आणि प्रत नोंदवायचं तिचं सॉफ्टवेअर पॅकेज. फुकट दिलेलं. रावेरकडची पॅकिंगवाली मंडळी तेच वापरतात.

नकाशा आणि आलेख हे त्यातले ऑप्शनल भाग. ज्याला हवेत त्याने जोडायचे.

मी नववी नापास. मला समजावं म्हणून म्हणाली, "आबा, भरितावर कांद्याची पात नसली तर पंगत उठते का?"

"नाही. पण पात नाही हे सांगावं तर लागेल."

"तेच तर! एखादा भाग नसला तर प्रोग्रॅमने बोंब मारून आडवं पडायचं नाही. पात नाही, बाकी जेवा, इतकंच सांगायचं."

म्हणून तिचा जुना लॅपटॉप तिने मुद्दाम कोरा ठेवला होता. आधी काहीच न जोडता टेस्ट. मग नुसता नकाशा. मग नुसता आलेख. शेवटी दोन्ही.

"सगळं असलेल्या मशीनवर सगळंच चालतं, आबा. त्यात काय टेस्ट?"

एकदा साक्रीहून तिचा मामा आला. नकाशा चालत नाही हे बघून भाचीला मदत म्हणून त्याने लॅपटॉप दुकानात नेऊन त्यात सगळं भरून आणलं.

"बठ्ठं टाकी दिधं! आते देख कसं पयस!" सगळं टाकलंय, आता बघ कसं पळतं, म्हणाला.

वैशूने कपाळाला हात लावला. "मामा, मला आजारी माणूस हवा होता. तुम्ही त्याला सलाईन लावून आणलंत!"

किती हसली होती. मग बसून सगळं परत काढलं.

काल तो लॅपटॉप उघडला. तिने शिकवलं होतं तेवढं केलं. तिने केलेला शेवटचा बदल काहीच न जोडता चालवला.

वजन बरोबर आलं. खाली तिने लिहिलेली ओळ आली.

"नकाशा आणि आलेख इथे नाहीत. बाकी काम चालू ठेवा."

कसं ठेवू, पोरी?

 

पुढच्या टेस्ट मला येत नाहीत. त्या न करता कोणी व्हर्जन सोडलं आणि रावेरला वजनकाटा सुरू असताना ते बंद पडलं, तर लोक तिचंच नाव घेतील. त्याचीच धास्ती वाटते. झोप लागत नाही.

तुमच्यापैकी कोणी तिच्यासोबत काम केलं असेल, तर मेहरूणला घरी या. नाहीतर नुसतं सांगा, मी लॅपटॉप घेऊन येतो.

मामा इथेच आहे. लॅपटॉपजवळ जात नाही. लांबूनच बघतो आणि डोळे पुसतो.

वैशू, तुझ्या फोटोला हार घातला. श्रद्धांजली हा शब्द मात्र लिहवत नाही.

मंडळी, लवकर कळवा. मी लॅपटॉपवर कोणाला काहीच टाकू दिलेलं नाही. अजून कोरा आहे.